वाचकांचे प्रश्न : सजीवांतील ऊर्जेचा प्रवास

सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांचे विषय वरवर वेगळे असले, तरी त्यांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे : सूर्याकडून आलेली ऊर्जा पानात, पेशीत, प्राण्यांत आणि मातीत कशी शिरते आणि शेवटी कुठे जाते? म्हणून या वेळचे सदर त्या पाच पत्रांनाच दिले आहे. पत्रे संक्षेपाने छापली आहेत.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवते. ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, असे एका धड्यात सांगायचे आणि अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर फक्त दहा टक्के ऊर्जा पुढे जाते, असे दुसऱ्या धड्यात सांगायचे. मग उरलेली नव्वद टक्के कुठे गेली, असे मुले विचारतात. "उष्णतेच्या रूपाने वाया जाते" हे उत्तर मला अपुरे वाटते.
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : ते अपुरेच आहे, आणि मुलांचा प्रश्न अगदी योग्य आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर हा हिशेब स्पष्ट दिसतो. पावसाळ्यात तिथे कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवते वाढतात. त्यांनी साठवलेल्या ऊर्जेचा मोठा भाग काळवीट, मेंढ्या किंवा नाकतोडे यांच्या तोंडी लागतच नाही. गवत उभ्या उभ्या वाळते आणि वाळवी, बुरशी व जिवाणू यांच्या वाट्याला जाते. जे खाल्ले जाते तेही सगळे पचत नाही. लेंड्यांतून बाहेर पडलेली ऊर्जा शेणकिडे आणि सूक्ष्मजीव वापरतात. पचून रक्तात उतरलेल्या अन्नाचा बहुतांश भाग श्वसनात खर्च होतो, कारण शरीर उबदार ठेवणे, हृदय चालवणे, पळणे आणि झिजलेली प्रथिने पुन्हा बांधणे ही कामे रात्रंदिवस चालूच असतात. एवढे झाल्यावर वाढलेले मांस, साठलेली चरबी आणि जन्माला आलेले पाडस या रूपांत जे उरते, तेवढ्यावरच लांडग्याचा हक्क चालतो. म्हणजे 'नव्वद टक्के' ही एकच गळती नाही. न खाल्लेले, न पचलेले आणि श्वसनात खर्चलेले असे तिचे तीन वाटे आहेत, आणि त्यांतले पहिले दोन विघटकांचे अन्न होतात.

हा हिशेब रीतसर मांडण्याचे श्रेय रेमंड लिंडेमन या तरुण अमेरिकी संशोधकाकडे जाते. मिनेसोटातील सीडर बॉग लेक या छोट्या तळ्याचा त्याने अभ्यास केला. त्याचा निबंध १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला, पण त्याच वर्षी, निबंध छापून येण्याआधीच, वयाची २७ वर्षे पूर्ण होण्याआधी त्याचे निधन झाले होते. पुढे १९५७ मध्ये हॉवर्ड ओडम यांनी फ्लोरिडातील सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्याच्या परिसंस्थेचे आकडे प्रसिद्ध केले. तिथे दर चौरस मीटरला वर्षाकाठी वनस्पतींनी २०,८१० किलोकॅलरी ऊर्जा बांधली. त्यांच्या स्वतःच्या श्वसनानंतर ८,८३३ उरली. वनस्पती खाणाऱ्या प्राण्यांकडे ३,३६८ पोहोचली. त्यांना खाणाऱ्यांकडे ३८३ आणि सर्वांत वरच्या भक्षकांकडे केवळ २१. या आकड्यांचे गुणोत्तर मुलांना काढायला सांगावे. एका पायरीवर सुमारे ३८ टक्के, पुढे ११ आणि त्यापुढे साडेपाच टक्के येतात. दहा टक्के हा निसर्गाचा कायदा नसून ढोबळ सरासरी आहे, हे त्यांना स्वतःच्या गणितातून कळेल. सस्तन प्राणी आणि पक्षी शरीर उबदार ठेवण्यात इतके खर्च करतात, की पचवलेल्या ऊर्जेतील जेमतेम एक ते तीन टक्के त्यांच्या नव्या वाढीत उतरते. नाकतोड्यासारख्या कीटकांत हे प्रमाण कित्येक पटींनी जास्त असते.

आता मूळ शंका. विघटकही श्वसन करतात, त्यामुळे सगळ्या वाटा शेवटी उष्णतेपाशी येतात. ही उष्णता नष्ट होत नाही. अवरक्त किरणांच्या रूपाने ती अवकाशात जाते. पृथ्वीला सूर्याकडून जितकी ऊर्जा मिळते, जवळपास तितकीच ती परत पाठवते. मग सजीवांना मिळाले काय, असे एखादा चौकस मुलगा विचारील. फरक ऊर्जेच्या प्रमाणात नसून तिच्या प्रतीत आहे. सूर्याकडून येणाऱ्या दर एका प्रकाशकणामागे पृथ्वी साधारण वीस कण परत पाठवते, पण ते प्रत्येकी फार कमी ऊर्जेचे असतात. एकवटलेली ऊर्जा येते आणि विखुरलेली जाते. या दोन अवस्थांच्या मध्ये जे काम करून घेता येते, त्यावर गवत, काळवीट आणि आपण जगतो. विखुरलेल्या उष्णतेवर पान वाढत नाही, म्हणून ऊर्जेला परतीची वाट नाही. पहिला धडा ऊर्जेच्या मोजमापाबद्दल आहे, दुसरा तिच्या उपयोगितेबद्दल. दोन्ही एकाच तासाला शिकवले तर विरोध वाटत नाही, असे माझे मत आहे.

प्रश्न : उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे मोठाले थवे दिसतात. नान्नजच्या माळावर मात्र एवढे गवत असूनही लांडगा क्वचितच दिसतो. ही फक्त माणसाच्या त्रासामुळे झालेली घट आहे का?
— एक पक्षिनिरीक्षक, करमाळा

उत्तर : माणसाचा वाटा मोठा आहेच, पण माणूस नसता तरी लांडगे रोहितांइतके झाले नसते. रोहित आपल्या वाकड्या चोचीने चिखलपाणी गाळून त्यातील बारीक कवचधारी जीव, किड्यांच्या अळ्या, शेवाळ असे काही खातो, म्हणजे तो अन्नसाखळीत बराच खाली बसतो. लांडगा गवत खाणाऱ्यांना खातो आणि तोही उष्ण रक्ताचा. त्यामुळे एका टोळीला पुरेल इतकी शिकार पोसण्यासाठी फार मोठा माळ लागतो.

दुसरे कारण पाण्याच्या बाजूचे आहे. पाण्यातील सूक्ष्म वनस्पती दिवसा-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकतात. कोणत्याही क्षणी त्यांचे एकूण वजन थोडेच असते, पण त्या इतक्या झपाट्याने तयार होतात आणि खाल्ल्या जातात, की काही पाणवठ्यांत खाणाऱ्यांचे वजन खाद्यापेक्षा जास्त भरते. वजनाचा मनोरा असा उलटा होऊ शकतो. ऊर्जेचा मनोरा मात्र कधीच उलटा होत नाही. उजनीच्या बाबतीत एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांवाटे भीमेत उतरते आणि त्यातील नत्र-स्फुरदामुळे इथे शेवाळ माजते. ही सुपीकता सुदृढ नव्हे. माजलेले शेवाळ मेल्यावर ते कुजवणारे जिवाणू पाण्यातील प्राणवायू संपवतात, आणि मासे गुदमरतात.

माळाकडे पाहताना आणखी एक. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले, आणि ज्याच्यासाठी ते झाले तो माळढोक आज तिथून जवळपास नाहीसा झाला आहे. तो नाकतोडे, भुंगेरे, सरडे, धान्य, बोरे असे सर्व खातो, पण सहसा एका विणीला एकच अंडे घालतो. एवढ्या मोठ्या पक्ष्याची उभारणी सावकाशच होते आणि एकदा घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. माळाला 'पडीक' म्हणून तिथे झाडे लावण्याचा उत्साह मला म्हणूनच चिंतेचा वाटतो. गवताची ऊर्जा नाकतोड्यांमार्फत वर चढते. गवत गेले तर वरच्या पायऱ्यांवर कोणी उरणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे रब्बीची ज्वारी नुसत्या ओलीवर येते. गव्हाला पाणी द्यावेच लागते. ऊस तर उन्हात जोमाने वाढतो. तिन्ही गवताच्याच जातीची म्हणतात, मग पानात फरक काय आहे?
— एक शेतकरी, मंगळवेढा तालुका

उत्तर : फरक पानाच्या आतील रचनेत आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड पकडून साखर बनवण्याच्या मार्गावर रुबिस्को नावाचे विकर, म्हणजे अभिक्रिया घडवून आणणारे प्रथिन, काम करते. त्याचा एक दोष आहे : कार्बन डायऑक्साइडऐवजी ते चुकून प्राणवायूही पकडते. गव्हासारख्या पिकात साधारण हवामानात दर चार-पाच वेळांमागे एकदा असे घडते, आणि ती चूक निस्तरण्यात वनस्पतीची आधी मिळवलेली ऊर्जा आणि कार्बन दोन्ही जातात. ऊन जितके तापते, तितके हे चुकण्याचे प्रमाण वाढते.

ज्वारी, ऊस आणि मका यांनी यावर उपाय केला आहे. त्यांच्या पानात कार्बन डायऑक्साइड आधी बाहेरच्या पेशींत दुसऱ्या एका विकराकडून पकडला जातो आणि चार कार्बन अणूंच्या आम्लाच्या रूपाने शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन सोडला जातो. तिथे तो इतका दाट होतो, की रुबिस्कोला प्राणवायू पकडण्याची संधी उरत नाही. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये उसाच्या पानांवर काम करूनच हा मार्ग उलगडला. त्याला सी-४ मार्ग म्हणतात. या सोयीला किंमत आहे. कार्बन डायऑक्साइडच्या प्रत्येक रेणूमागे गव्हाचे पान एटीपीचे, म्हणजे पेशीतील ऊर्जा वाहून नेणाऱ्या पदार्थाचे, तीन रेणू खर्च करते, ज्वारीचे पाच. थंड, ढगाळ प्रदेशात हा खर्च परवडत नाही, उन्हाच्या प्रदेशात भरपूर परवडतो. शिवाय ते पहिले विकर इतके तत्पर असते, की पर्णरंध्रे थोडीच उघडली तरी भागते. त्यामुळे तेवढ्याच वाढीसाठी सी-४ पिकातून साधारण निम्मेच पाणी बाष्प होऊन जाते.

तरी सगळे श्रेय सी-४ मार्गाला देऊ नये. हिवाळ्याच्या थंडीत त्याचा फायदा कमी होतो. आपली ज्वारी ओलीवर तगते याला खोल जाणारी मुळे, पानांवरचा मेणासारखा थर आणि पावसाळ्याचे पाणी धरून ठेवणारी भारी काळी जमीन ही कारणेही तितकीच महत्त्वाची आहेत. मोहोळ येथे स्थानिक वाणातून निवडलेली 'मालदांडी ३५-१' इतकी वर्षे टिकली ती याच गुणांवर. आणि सी-४ म्हणजे कमी पाण्याचे पीक, असाही अर्थ काढू नये. ऊस सी-४च आहे, पण आडसाली ऊस दीड वर्षाच्या आसपास शेतात उभा असतो आणि प्रचंड वाढतो, म्हणून त्याची एकूण तहान ज्वारीच्या कितीतरी पट असते.

आपल्या शेताचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. सोलापुरात दर चौरस मीटरवर दिवसाला सरासरी पाच युनिटच्या आसपास सौर ऊर्जा पडते. युनिट म्हणजे वीजबिलावरचेच. चार महिन्यांच्या पिकावर सुमारे ६०० युनिट पडली. एकरी धान्य आणि कडबा मिळून अडीच टन उत्पन्न धरले, तर चौरस मीटरला सहाशे ग्रॅमच्या थोडे वर येते, आणि त्यात साठलेली ऊर्जा तीन युनिटपेक्षा कमी भरते. म्हणजे मुळे वगळता अर्धा टक्काच. सी-४ पानाची सैद्धांतिक कमाल सहा टक्क्यांच्या आसपास मानली जाते. सूर्यप्रकाशाचा साधारण निम्मा भाग अवरक्त असतो, तो हरितद्रव्याला वापरता येत नाही. पीक लहान असताना ऊन मोकळ्या मातीवर पडते. शेवटी शेवटी ओल संपत येते. आणि रोप स्वतःच्या श्वसनासाठीही खर्च करते. एवढ्या अर्ध्या टक्क्यातच माणसांची भाकरी आणि जनावरांची वैरण दोन्ही येतात, म्हणून कडबा शेतात जाळला जाऊ नये, एवढी विनंती.

प्रश्न : मी बी.एस्सी.ची विद्यार्थिनी आहे. एटीपीमधील फॉस्फेटचा बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते, असे जीवशास्त्रात शिकवतात. रसायनशास्त्रात मात्र कोणताही बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते, असे सांगतात. शिवाय ग्लुकोजच्या एका रेणूपासून जुन्या पुस्तकांत ३८ आणि नव्यांत ३० ते ३२ एटीपी दिलेले असतात. खरे काय समजावे?
— एक विद्यार्थिनी, पंढरपूर

उत्तर : रसायनशास्त्र बरोबर सांगते. बंध तोडायला ऊर्जा लागतेच. पण एटीपी एकटा तुटत नाही. त्याची पाण्याशी अभिक्रिया होते, जुने बंध तुटताना नवे जुळतात, एकमेकांना दूर लोटणारे फॉस्फेटचे ऋणभार वेगळे होतात आणि तयार झालेले रेणू पाण्यात अधिक स्थिर होतात. या सगळ्याची वजाबाकी करून ऊर्जा सुटते. प्रमाण परिस्थितीत ती दर मोलला ३०.५ किलोज्यूल असते, जिवंत पेशीत मात्र सुमारे ५०. हा फरक का पडतो? पेशी एटीपीचे प्रमाण समतोलाच्या पातळीपेक्षा अब्जावधी पटींनी वर राखते, म्हणून. ऊर्जा एखाद्या बंधात कोंडलेली नसून या राखलेल्या असमतोलात आहे, असे समजलात तर दोन्ही विषय जुळतील.

एटीपीचा शोध १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांनी आणि अमेरिकेत सायरस फिस्के व आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्वतंत्रपणे लावला. सुब्बारावांचे नाव पाठ्यपुस्तकांतून सहसा येत नाही, ते यायला हवे. पण अन्नातील ऊर्जा एटीपीत कशी उतरते, हे कोडे त्यानंतर तीस वर्षे सुटले नव्हते. अन्न आणि एटीपी यांच्यामध्ये एखादा ऊर्जासंपन्न रेणू असणार, अशा समजुतीने संशोधक त्याचा शोध घेत राहिले, आणि तो सापडेना. १९६१ मध्ये पीटर मिचेल यांनी सांगितले, की असा रेणू नाहीच; आहे तो पेशीतील पातळ पडद्याच्या दोन बाजूंमधील प्रोटॉनांचा फरक. तंतुकणिका म्हणजे पेशीत श्वसनाचे काम करणारी कणिका. तिच्या आतल्या पडद्यात अन्नापासून मिळालेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे उतरत शेवटी प्राणवायूला मिळतात, आणि त्या उतरणीत सुटणाऱ्या ऊर्जेने प्रोटॉन पडद्याच्या बाहेर ढकलले जातात. उजनीत पाणी अडवून धरणाखालच्या चक्रातून सोडले की वीज मिळते, तसेच साठलेले प्रोटॉन एटीपी सिंथेज या प्रथिनातून आत परतताना एटीपी तयार होतो. ही उपमा इथे नुसती सोयीची नाही, कारण ते प्रथिन खरोखर फिरते. त्याची कार्यपद्धती पॉल बॉयर यांनी आणि रचना जॉन वॉकर यांनी उलगडली, त्यासाठी त्यांना १९९७ चे नोबेल मिळाले. त्याच वर्षी जपानी संशोधकांनी त्याचे फिरणे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिले.

मिचेल यांची कल्पना सुरुवातीला फारशी कोणाला पटली नाही. विद्यापीठ सोडून त्यांनी कॉर्नवॉलमधील एका जुन्या वाड्यात प्रयोगशाळा थाटली आणि तिथे काम चालू ठेवले. १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. त्यांच्या बाजूने आलेला सर्वांत सुंदर पुरावा, मला वाटते, १९६६ मधील आंद्रे जेगेनडॉर्फ यांचा. त्यांनी हरितलवकांतील पडदे आधी आम्लात मुरवले आणि मग अंधारातच अल्कधर्मी द्रावणात टाकले. प्रकाश नाही, अन्न नाही, तरी एटीपी तयार झाला. कारण आत-बाहेर प्रोटॉनांचा फरक तेवढा होता. पानात सूर्यप्रकाश आणि स्नायूत भाकरी, मार्ग वेगळे असले तरी मधली यंत्रणा एकच, हे त्यातून दिसले.

आता आपल्या आकड्याकडे. जुन्या पुस्तकांनी प्रत्येक एनएडीएचमागे (अन्नातील इलेक्ट्रॉन पडद्यापर्यंत आणून देणारा रेणू) एटीपीचे तीन पूर्ण रेणू धरले होते. प्रोटॉन मोजले जाऊ लागल्यावर ते गणित बदलले. एका एनएडीएचमागे सुमारे दहा प्रोटॉन बाहेर जातात. आपल्यासारख्या प्राण्यांच्या तंतुकणिकेत एटीपी सिंथेजच्या एका फेरीला आठ प्रोटॉन लागतात आणि तीन एटीपी मिळतात; त्यावर फॉस्फेट आत आणणे आणि एटीपी बाहेर पाठवणे या दोन्हींसाठी मिळून दर एटीपीमागे आणखी एक प्रोटॉन जातो. म्हणून एनएडीएचमागे अडीचच्या आसपास एटीपी येतात आणि एकूण बेरीज ३० ते ३२ होते. पडद्यातून काही प्रोटॉन असेच झिरपतात, त्यामुळे हा आकडा पूर्णांकात येण्याची अपेक्षाच ठेवू नये. परीक्षेत मात्र आपल्या अभ्यासक्रमातील पुस्तकाचा आकडा लिहावा आणि जमल्यास कारण जोडावे.

ग्लुकोजच्या दर मोलमधून २,८७० किलोज्यूल ऊर्जा उपलब्ध असते. ३० एटीपी, दर मोलला ५० किलोज्यूल, असे धरले तर निम्म्याहून थोडी जास्त ऊर्जा हाती लागते आणि उरलेली उष्णता होते. ही उष्णताही कधी कधी मुद्दाम काढली जाते : नवजात बाळाच्या खांद्यांच्या मागे असलेल्या तपकिरी चरबीत प्रोटॉनांना एका वेगळ्या प्रथिनातून आत सोडले जाते, एटीपी बनत नाही आणि बाळाला ऊब मिळते. प्रौढ माणसाच्या शरीरात कोणत्याही क्षणी एटीपी पाव किलोपेक्षाही कमीच असतो, पण दिवसभरात तो मोडून पुन्हा इतक्या वेळा तयार होतो, की एकूण उलाढाल साधारण शरीराच्या वजनाइतकी भरते. श्वास काही मिनिटे थांबला तर मेंदू का टिकत नाही, याचे कारण यात आहे.

प्रश्न : गच्चीवर स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचे खत करते. ढीग आतून हात भाजेल इतका तापतो. ही ऊर्जा पुढे माझ्या कुंडीतल्या झाडांना मिळते का?
— एक गृहिणी, सोलापूर

उत्तर : नाही. भाज्यांच्या देठांत आणि सालींत सूर्याची जी ऊर्जा शिल्लक होती ती जिवाणू आणि बुरशी यांनी श्वसनात वापरली, आणि तिचाच ताप आपल्या हाताला लागतो. मोठ्या ढिगात तो ५५ ते ६५ अंशांपर्यंत जातो. झाडाला खतातून मिळतात ते नत्र, स्फुरद, पालाश आणि इतर क्षार. ऊर्जेसाठी त्याला नवे ऊनच लागते, म्हणून सावलीतल्या कुंडीत कितीही खत घातले तरी झाड जोम धरत नाही. या तापाचा आपल्याला एक उपयोग आहे. ढीग थंड झाला की तो उलथून थोडे पाणी शिंपडावे. दोन-तीन दिवसांत पुन्हा तापला, तर जिवाणूंना खायला अजून शिल्लक आहे, असे खत कोवळ्या मुळांना घालू नये. ओल आणि हवा दोन्ही पुरेशी असूनही तो तापत नसेल आणि मातीसारखा वास येत असेल, तर खत कुंडीत घालायला हरकत नाही.